मेंढरांसकट भाड्याने देणे आहे

पुण्याशेजारच्या माणच्या गावठाणात, मारुतीच्या देवळामागं, आमची आळी आहे. एका वेळी एक बैलगाडी जाईल एवढाच बोळ. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, आणि मोटारी मात्र समोरासमोर दोन घुसतात. चारी बाजूंना कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि मधे आमची कौलं. झाडताना पाटाखाली सुपारी राहून जावी, तसे आम्ही राहून गेलो आहोत.

या आळीत मी सव्वीस वर्षं घरं भाड्यानं लावून दिली. वडील पौडच्या बाजारात विड्याची पानं विकायचे. ते म्हणायचे, "सलीम, गिऱ्हाइकाला वरची पानं दाखवावीत. खालची त्याला घरी गेल्यावर दिसतातच." पानांचा धंदा मी केला नाही, पण हे सूत्र घरांना लावलं. एजंटानं खोटं बोलू नये, आणि सगळं खरंही बोलू नये. या दोन्हींच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात मी दोन मुलींची लग्नं केली.

लोकांना वाटतं, एजंट म्हणजे हातात किल्ल्यांचा जुडगा आणि कानाला मोबाइल. गावठाणात तसं नसतं. इथल्या घराला सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. त्या उताऱ्यावर चार नावं असतात. त्यातली दोन वारलेली, एक मुंबईला आणि चौथ्याचं कुणाशी बोलणं नाही. त्या सगळ्यांच्या वारसांना एका सतरंजीवर बसवायचं. मग विजेचा मीटर घरगुतीचा व्यापारी करून घ्यायचा. भाडेकरूला सांगायचं की भिंत मातीची आहे, खिळा ठोकलात तर पलीकडे निघेल. एवढं झालं की करार होतो.

पण कुठल्याच कागदावर नसते ती वहिवाट. जुन्या घराला एक तरी वहिवाट चिकटलेली असतेच. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथं बसतं, कुणीतरी तिथून जातं, आणि घर भाड्यानं गेलं म्हणून त्यांना काही फरक पडत नाही.

एका दातांच्या डॉक्टरला मी कोपऱ्यावरचं घर दिलं. दगडी ओटा, सागवानी दार, डॉक्टर खूश. त्या ओट्यावर रोज चार वाजता गावातले चार म्हातारे येऊन बसतात, हे मी सांगितलं नाही. ओटा पाहून कुणालाही कळावं, असं मला वाटलं. रिसेप्शनला बसणारी मुलगी वाकडची, आळीला नवखी. पहिल्याच दिवशी तिनं चौघांना नंबर दिले. म्हातारे शिस्तीचे, कुणी काही दिलं की घेतात. दोन नंबरला धोंडीबातात्या होते. आत बोलावलं म्हणून गेले, झोपायला सांगितलं म्हणून झोपले, आणि तासाभरानं एक दाढ कमी होऊन परत ओट्यावर येऊन बसले. दाढ दुखत होती हे खरं, पण काढायचं असं काही ठरलेलं नव्हतं. तीन नंबरवाले बाबूराव त्या दिवसापासून देवळाच्या पायरीवर बसतात.

ध्यान शिकवणाऱ्या एका गुरुजींना मी पिठाच्या गिरणीशेजारचं घर दाखवलं, ते सोमवारी. सोमवारी गिरणी बंद असते. मंगळवारी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती, ती मला आजही आठवते, कारण ती जेमतेम धरून ठेवलेली होती. तीन महिन्यांनी मी भीतभीत डोकावलो, तर सगळा वर्ग गिरणीच्या पट्ट्याच्या ठेक्यावर श्वास घेत होता. वीज गेली की सगळ्यांचा श्वास चुकायचा.

हे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि लोक हसतात. पण सोपानअण्णांच्या घराचा जो घोळ मी घातला, तो सांगताना मला आजही हसू येतं आणि त्याच वेळी लाजही वाटते. म्हणून तोच नीट लिहितो.

सोपानअण्णा आमच्याच आळीतले. जातीनं धनगर, सत्तरी ओलांडलेले. तीन खणांचं कौलारू घर, पुढं ओसरी, मधे माजघर, मागं परसदार. गावच्या रानात इमारती उभ्या राहिल्या, तरी अण्णांनी मेंढरं सोडली नाहीत. कासारसाईच्या धरणाकडं एक मोकळं माळरान उरलंय, तिकडं त्यांचा मेंढरं कोंडायचा वाडगा. त्यांचा मुलगा ज्ञानू कंपन्यांच्या लोकांना ने-आण करणारी गाडी चालवतो. गाडीत बसणारे लोक काय बोलतात ते ऐकून ऐकून त्याच्या लक्षात आलं की शहरातल्या माणसाला जुनं घर फार आवडतं, फक्त ते नवं पाहिजे. त्यानं घर दुरुस्त करून घेतलं. तुळया घासून तेल पाजलं, भिंती चुन्यानं सारवल्या, एसी बसवला, पुढं काचेचं दार लावलं. घर इतकं देखणं झालं की अण्णा आत जाताना चप्पल काढून हातात धरायचे.

स्वतः सगळे मागच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला गेले, आणि घर मला दाखवायला दिलं. अण्णांची अट एकच होती.

"पाडव्याला मेंढरं घरातनं जात्यात. पुढच्या दारानं आत, परसदारानं भाईर. ते चुकता कामा न्हाई."

दिवाळीच्या पाडव्याला अण्णांचा कळप त्या घरातून जातो, हे आळीत लहान मुलालाही माहीत. मी तरी विचारलं, "अण्णा, आता भाडेकरू असणार. एखाद्या वर्षी दारावरनंच नेली तर?"

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी नमाज फोनवरून पढायचं म्हणालो.

"सलीम, हे घर मेंढरांच्या बसायच्या जाग्यावर बांधलंय. माझ्या पणज्यानं त्यास्नी उठवलं आन भिंती घातल्या. वर्सातनं एकदा त्यास्नी दावाय पायजे, बाबांनू, तुमची जागा हाय तितंच हाय. आमी कसले मालक? आमीबी भाडेकरूच."

सव्वीस वर्षांत मालकानं स्वतःला भाडेकरू म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मी मान हलवली आणि गिऱ्हाईक शोधायला लागलो.

गिऱ्हाईक आठवड्यात मिळालं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या लोकांना तासातासानं "उठा, चाला" अशी आठवण करून देणारं अ‍ॅप बनवणारी पाच जणांची कंपनी. मालकीणबाई मेघना मॅडम, नाशिकच्या, तिशीच्या. त्यांनी तुळईवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "काका, इथे एकदम सोल आहे." मी म्हटलं, "आहेच. ओलही आहे, पण थोडीच."

करार तीन वर्षांचा. पाडव्याचं कलम मी स्वतः घातलं: दर वर्षी दिवाळी पाडव्यास सकाळी, मालकाच्या घरच्या धार्मिक विधीसाठी, वीस मिनिटे प्रवेश द्यावा. मॅडमनी विचारलं, "कोण कोण येणार?" मी म्हटलं, "अण्णा, ज्ञानू आणि सूनबाई." यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते तिघं येणारच होते.

इकडे अण्णांनी विचारलं, "मेंढरांचं लिवलंस न्हवं?"

"पाडव्याचं कलम घातलंय, अण्णा." यातही एक अक्षर खोटं नव्हतं.

अण्णांना वाचता येत नाही. नोंदणीच्या वेळी त्यांचा अंगठा यंत्र घेईना. दोर ओढून ओढून रेषाच पुसलेल्या. सात वेळा अंगठा ठेवला, ओल्या फडक्यानं पुसला, सूनबाईनं पदरानं घासला. यंत्र आपलं नाहीच म्हणत होतं. शेवटी अण्णा त्या यंत्राला म्हणाले, "आरं घे की, सलीमनं वाचलंय." आणि आठव्यांदा घेतलं. सगळे हसले. मीही हसलो.

गणपतीत मॅडमनी आरतीला बोलावलं. आत गेलो आणि हातातला प्रसाद हातातच राहिला. परसदाराला लावून त्यांनी एक काचेची खोली उभी केली होती. फोनवर बोलणाऱ्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून असते, ती. माणूस उभा राहील एवढी, कपाटासारखी, आणि वजनानं दोन कपाटं. दार तिच्यामागं पार झाकून गेलेलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "छान आहे हो!" आणि मोदक खाऊन घरी आलो.

दिवाळीच्या आधी मी तीन वेळा सांगायला गेलो. पहिल्यांदा मॅडम फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी मला मिठाईचा पुडा दिला, आणि हातात मिठाई असताना माणसाला मेंढरांचं बोलता येत नाही. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली, "मॅडम, ते पाडव्याचं—" त्या म्हणाल्या, "लक्षात आहे काका! आम्ही रांगोळी काढतोय, पेढे आणलेत. अण्णांना बसायला खुर्ची ठेवू ना?" मी म्हटलं, "ठेवा की." आणि निघालो. माझी बायको म्हणाली, "तुमची जीभ फक्त घर दाखवताना चालते का?" ती खोटं बोलत नाही आणि सगळं खरं बोलते, त्यामुळे तिला धंद्यात घेतलं नव्हतं.

पाडव्याची सकाळ. मॅडम पैठणीत, बाकीचे झब्ब्यांत. समई लावलेली, उंबऱ्याबाहेर मोराची रांगोळी. पंकज नावाचा त्यांच्या कंपनीतला एक मुलगा, पाटण्याचा, तेवढा कामावर होता, कारण परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाडवा नसतो. तो काचेच्या खोलीत उभा राहून व्हिडिओ कॉलवर बोलत होता.

बोळाच्या तोंडाशी घंटी वाजली. पुढं अण्णा, डोक्याला गुलाबी पटका, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. मागं ज्ञानू, सूनबाई आरतीचं ताट घेऊन. आणि त्यांच्यामधे बेचाळीस मेंढरं, पाठीवर गेरूचे ठसे, पुढं रंगवलेल्या शिंगांचा एडका.

मॅडमनी हसत काचेचं दार उघडून धरलं. अण्णा बाजूला झाले. एडका मोरावरून आत गेला.

"अण्णा," मॅडम म्हणाल्या, "हे... हे पण येणार?"

"व्हय तर. त्येंचंच हाय आज."

मेंढरू पुढच्याचं ढुंगण बघून चालतं. एडका आत गेल्यावर बाकीच्यांनी विचार केला नाही. ओसरी भरली, माजघर भरलं. दोघं झब्बेवाले टेबलावर चढले. एकीनं पाय वर घेतले आणि तिची चाकांची खुर्ची मेंढरांबरोबर आपोआप पुढं सरकत गेली. कोपऱ्यात शोभेचं झाड होतं, ते होतं म्हणेपर्यंत नव्हतं.

एडका परसदाराशी पोचला आणि तिथं त्याला काचेत दुसरा एडका दिसला. त्या दुसऱ्याच्या पोटात पंकज उभा होता. एडक्यानं दोन पावलं मागं घेतली आणि धडक दिली. काच जाड, तिला काही झालं नाही. आतला पंकज बोलत राहिला, फक्त त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं काचेवर हाताचा पंजा टेकवून मला खूण केली, किती वेळ? मी वीस मिनिटं अशी खूण केली.

"दार कुटं गेलं?" अण्णा म्हणाले.

 उत्तर बेचाळीस मेंढरांनी एकदम दिलं.

ज्ञानू बापाला म्हणाला, "आबा, आता माघारी फिरवू. लोकांचा धंदा हाय."

"माघारी?" अण्णांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माघारी फिरवलं म्हंजी जागा न्हाई म्हणून सांगितल्यावानी हुतंय. मग आणलीच कशापायी?"

ते उंबऱ्यावर बसले. काठी आडवी घातली. आता मेंढरांना पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना. सत्तरीचा माणूस हट्टानं बसला असता तर मी समजूत घातली असती. पण हा हट्ट नव्हता. त्या माणसाला खरोखर भीती वाटत होती की आज त्याच्या हातून मेंढरांना जागा नाकारली जाणार.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

अशा वेळी माझ्या तोंडून दहा वाक्यं निघतात. त्या दिवशी खरं तेवढंच निघालं. "होय. दार झाकल्याचं गणपतीपासून माहीत होतं. मेंढरांचं तर करारापासून."

"तुम्ही मला नुसतं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. एक मेंढरू त्यांच्या पैठणीचा काठ चघळत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. "मी हो म्हणाले असते की नाही, मला माहीत नाही. पण ते मला ठरवू द्यायचं होतं ना, काका!"

मग मी अण्णांपुढं उकिडवा बसलो. "अण्णा, मेंढरांचं कागदावर लिहिलं नव्हतं मी. नुसतं विधी लिहिलं."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले.

"ठावं होतं? मग अंगठा कशाला दिलात?"

"कागद पुण्यात ऱ्हातुया. तू आळीत ऱ्हातुयास. मी तुला बगून दिला."

सव्वीस वर्षांत लोकांनी मला बरंच काही ऐकवलं आहे. एवढं लागलेलं दुसरं काही नाही. मी उठलो, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मेंढरांतून वाट काढत त्या काचेच्या खोलीशी गेलो. जोर लावला. ती हलली नाही. दिवाळीत सुतार मिळत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

उपाय ज्ञानूला सुचला. तो गाडीतला जॅक घेऊन आला. जॅक खोलीच्या एका अंगाला लावून ती चार बोटं उचलली आणि खाली अण्णांची काठी सरकवली. मग सूनबाईनं घरून दोन लाटणी आणि धुणं वाळत घालायची काठी आणली. टेबलावरचे झब्बेवाले खाली उतरले. मॅडमनी पैठणी खोचली आणि खांदा लावला. "हेऽऽ या!" अशी अण्णांनी हाळी दिली, आणि खोली पंकजसकट इंचाइंचानं डावीकडं सरकायला लागली. पंकज तरीही बोलतच होता. पुढं त्यानं सांगितलं, परदेशातल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या मागची भिंत का चालली आहे?" हा म्हणाला, "मॅडम, आमचं ऑफिस शिफ्ट होतंय." तेही खोटं नव्हतं. हा मुलगा माझ्या धंद्यात यायला हवा होता.

परसदाराची कडी मी स्वतः काढली. एडक्यानं बाहेर मान काढली, हुंगलं आणि निघाला. त्याच्यामागं एकेक करून सगळी. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकीच्या पाठीवर भंडारा उधळत होते, ओठांत मोजत होते. बेचाळीस झाल्यावर त्यांनी उरलेली मूठ आमच्यावर उधळली. आम्ही सगळे पिवळे झालो. वीस मिनिटांचं काम, दोन तास दहा मिनिटं लागली.

मॅडम महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. घर मात्र सोडलं नाही. पुढच्या दोन्ही वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांची माणसं लाटणी लावून खोली सरकवायची, आणि परसदार उघडायला मला बोलवायची. मी पोचलो की मॅडम सगळ्यांदेखत विचारायच्या, "काका, अजून काही सांगायचं राहिलंय का?" मी खाली मान घालून नाही म्हणायचो. ते मला ऐकून घ्यायलाच हवं होतं.

आता मी धंद्यातून बाजूला झालो आहे. मेघना मॅडमची कंपनी वाढली, ती या जूनमध्ये मोठ्या जागेत गेली. अण्णांचं घर तेवढं मीच दाखवतो, दुसऱ्या कुणाला दाखवू देत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की तुळया, चुना, एसी यातलं काही बोलायच्या आधी मेंढरांचं सांगतो. तीन पार्ट्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या. ज्ञानू चिडला. मी म्हटलं, जाऊ देत.

चौथा एक तरुण आला, त्याला कॉफीचं दुकान काढायचंय. अण्णाही काठी टेकत आले आणि ओट्यावर बसले. गेल्या दोन वर्षांत कासारसाईकडच्या माळावरही बांधकामाचे पत्रे ठोकले गेले. ज्ञानूनं मेंढरं टप्प्याटप्प्यानं विकली. अण्णांना घरात बसवत नाही म्हणून सहा तेवढी ठेवली आहेत, इमारतीच्या मागं, पार्किंगच्या कडेला. आळीत सगळ्यांना हे माहीत आहे, आणि अण्णांसमोर कुणी आकडा काढत नाही.

मी त्या तरुणाला पाडव्याचं सगळं सांगितलं, पुढचं दार, परसदार, भंडारा, काहीही मागं ठेवलं नाही. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "पण साधारण किती मेंढ्या असतात?"

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा जमिनीकडं पाहत होते.

"चाळीस-पन्नास," मी म्हणालो.

तरुणाचा चेहरा उतरला. त्यानं आत जाऊन ओसरीपासून परसदारापर्यंत पावलं टाकून मोजली. बाहेर आला, डोकं खाजवलं, पुन्हा एकदा आत पाहिलं. "आणि वीस मिनिटंच ना? नक्की?"

अण्णांनी मान वर केली, पटका सारखा केला आणि माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "तुमास्नी घाई आसंल तर पंधरा मिंटात काढतो. पर पन्नास हायेत, एवढं ध्यानात ठेवा."